आठ दिवस नजरेखाली

आमच्या गल्लीत त्यांना सगळे 'आठदिवसे' म्हणतात. हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पोस्टमनला माहीत आहे आणि त्यांच्या बायकोला. बाकी कोणाला त्याची कधी गरज पडली नाही.

आठदिवसे घड्याळं दुरुस्त करतात. त्यांचं दुकान इतकं अरुंद आहे की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाने श्वास सोडल्यावर दुसऱ्याने घ्यावा. काचेचा एक काउंटर, वाकवता येणारा एक दिवा, चिमटे, आणि पाठीमागच्या भिंतीवर खिळ्यांच्या दोन रांगा. उजव्या भुवईखाली त्यांना एक गोल खळगा पडलेला आहे, चाळीस वर्षं तिथे भिंग अडकवून अडकवून. भिंग काढलेलं असलं तरी ते समोरच्याकडे तसेच बघतात. म्हणजे आपल्या आत कुठे काही झिजलंय का, हे तपासल्यासारखे.

तुम्ही घड्याळ दिलं की ते उघडतात, बघतात, हुंकार देतात आणि म्हणतात, "आठ दिवसांनी या." काम बहुतेक वेळा अर्ध्या तासाचं असतं. पण दुरुस्त झालेलं घड्याळ डावीकडच्या खिळ्याला लागतं. तिथे ते आठ दिवस नजरेखाली राहतं. पास झालं तर उजवीकडच्या खिळ्यावर जातं आणि मगच मालकाच्या हातात. मधेच एखादं मिनिट मागे पडलं, की पुन्हा उघडायचं आणि आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. एका शिंप्याचं घड्याळ असं पाच महिने डावीकडे लटकत होतं. शेवटी शिंपी वेळ विचारायला रोज दुकानात येऊ लागला.

"बाई," ते मला एकदा म्हणाले, "दुरुस्त केलेलं घड्याळ पहिले दोन दिवस पाहुण्यासारखं वागतं. चौथ्या दिवसापासून घरच्यासारखं. खरं रूप सहाव्या-सातव्या दिवशी कळतं."

मी जन्मभर शाळेत शिकवलेलं. जीभ गप्प बसेना. "आठवडा तर सात दिवसांचा. मग तुमचे आठ का?"

"सात दिवसांत आठवडा होतो," ते म्हणाले. "तो पुन्हा सुरू होतोय की नाही, हे आठव्या दिवशी कळतं."

हा नियम फक्त घड्याळांपुरता असता तर गोष्ट वेगळी. पण आठदिवसे दूध तापवण्याआधी हुंगतात आणि तापवल्यावरही हुंगतात. औषधाच्या डबीतला बारीक अक्षरांचा कागद ते भिंगाने वाचतात आणि मग औषधवाल्याला विचारतात, हा कागद ह्याच औषधाचा कशावरून? त्यांच्या लग्नाची हकिकत तर गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, तरुणपणी वडिलांचं गजराचं घड्याळ घेऊन त्यांच्या दुकानात आल्या. घड्याळ चांगलंच होतं. तरी त्या चारदा आल्या. चौथ्यांदा त्यांनी सरळ विचारलं, "माझ्याशी लग्न कराल का?" आठदिवसे भिंग न काढता म्हणाले, "आठ दिवसांनी या."

"आणि मी गेले," वहिनी सांगतात. "काय करणार! घड्याळ त्यांच्याकडेच होतं."

ह्या वहिनींचे दोन्ही गुडघे गेली तीन वर्षं त्रास देतात. काठी घेऊन त्या घरातल्या घरात, फार तर माझ्या दारापर्यंत येतात. बसची पायरी त्यांना चढवत नाही. त्यांची थोरली बहीण दोन तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावात मुलाकडे राहते. दोन-अडीच वर्षांपूर्वी ह्या ताईंच्या आठवणीला भोकं पडू लागली. आधी त्या फोनवर एकच गोष्ट दोनदा विचारायच्या. मग वहिनींना दुसऱ्याच कोणाच्या नावाने हाका मारायला लागल्या. भाच्याने एकदा फोन हातात घेऊन हळूच सांगितलं, "मावशी, यायचं असेल तर लवकर ये. अजून चेहरे ओळखते ती. किती दिवस, ते कोणी सांगावं?"

हे लांबच्या शहरात राहणाऱ्या मुलीच्या कानावर गेलं. ही मुलगी माझ्या वर्गात होती. शुद्धलेखनात कच्ची, माणसांच्या बाबतीत पक्की. ती दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देते. तिने आईवडिलांसाठी एक छोटी गाडी घेतली, एका कोरियन कंपनीची, त्यांच्यातली सगळ्यात स्वस्त. आणि वडिलांना फोनवर बजावलं, "बाबा, ही आईला मावशीकडे न्यायला आहे. खिळ्याला टांगायला नाही."

गाडी चालवण्याचं वावडं आठदिवस्यांना नव्हतं. दुकान घेण्याआधी तीन वर्षं त्यांनी बिस्किटांच्या कारखान्याची व्हॅन चालवली होती.

गाडी आली. पांढरी, गुळगुळीत, सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी. गल्लीतले सगळे बघायला जमले. आठदिवस्यांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. दारं उघडली, लावली. आत डोकं घालून समोरच्या पॅनेलवर हात फिरवला.

"स्क्रू दिसत नाहीत," ते म्हणाले.

"नसतील," मी म्हटलं.

"असतात. लपवलेत. आणि बाई, एवढ्या थोड्या पैशांत एवढं सगळं देतात, म्हणजे कुठून तरी काहीतरी काढून घेतलेलं असणार. फुकट कोण देतो? आणि ते कोरियातले लोक आपल्याला कुठे ओळखतात?"

"शेजारचे तरी कुठे ओळखतात तुम्हाला!" वहिनी दारातून म्हणाल्या. त्यांनी नवीन चपला घातल्या होत्या. त्यांना वाटलं होतं, आज नाही तर उद्या निघू.

आठदिवस्यांनी चावी दुकानात नेली आणि डावीकडच्या खिळ्याला लावली.

रोज सकाळी ते एकटेच गाडी काढायचे. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि यायचं. रेडिओ बंद, काचा बंद, मान जराशी तिरकी. वहिनी खिडकीत बसून गाडी जाताना बघायच्या, येताना बघायच्या. सहाव्या दिवशी दार लावल्याचा आवाज बदलला. आधी 'धप्' यायचा, त्या दिवशी 'थड' आला. त्यांनी दोन तास दाराची तपासणी केली. शेवटी निष्पन्न एवढंच झालं की आदल्या दिवशी पलीकडची काच बोटभर उघडी राहिली होती, म्हणून आतली हवा दाबली जात नव्हती. काच वर केली, 'धप्' परत आला. पण नियम तो नियम. आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेला पाचव्या दिवशी त्यांनी डिकीतलं जास्तीचं चाक बाहेर काढलं आणि मला हाक मारली. ते चाक बाकीच्या चारांपेक्षा बारीक होतं.

"बघितलंत? चार भाऊ सख्खे आणि पाचवा सावत्र."

"अहो, ते पंक्चर झालं तर दुकानापर्यंत जाण्यापुरतं असतं. पुस्तकात लिहिलंय तसं," मी म्हटलं. गाडीचं पुस्तक मी वाचून काढलं होतं. पुस्तक दिसलं की मला राहवत नाही.

"पुस्तक कोणी लिहिलं? त्यांनीच ना?"

आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून. त्या संध्याकाळी वहिनी एवढंच म्हणाल्या, "आणि माझ्या ताईला कुठल्या खिळ्याला अडकवू?"

 आठदिवस्यांना ते लागलं, हे मला दिसलं. मला वाटतं, म्हणूनच त्यांनी चौकशीचा वेग वाढवला. विकणाऱ्यावर विश्वास नाही, पुस्तकावर नाही, तर ज्यांनी तीच गाडी वापरली आहे त्यांनाच गाठायचं. इस्पितळाच्या पार्किंगमध्ये तशा गाड्या पुष्कळ असतात. ते तिथे जाऊन एखाद्या गाडीजवळ उभे राहायचे आणि मालक येईपर्यंत हलायचे नाहीत. मलाही न्यायचे. "तुम्ही बरोबर असलात की लोकांना संशय येत नाही," म्हणाले. जसा काही त्यांना लोकांच्या संशयाचा तिटकाराच होता!

खिशात दुकानातली छोटी खाकी पाकिटं, दुरुस्तीला आलेली घड्याळं ठेवायची. त्यांवर छापलेलंच असतं: मालक, तक्रार, तारीख.

पहिली मालकीण एक नर्स. ड्यूटी संपवून आली होती, डोळे अर्धे मिटलेले.

"गाडी तुमचीच?" आठदिवस्यांनी विचारलं.

"हो. का? ठोकलीत का काय?"

"नाही, नाही. कशी आहे?"

"चांगली आहे."

"चांगली म्हणजे?"

"म्हणजे काका, सकाळी चालू होते, संध्याकाळी बंद होते, मधे मला नेते-आणते. आणखी काय करायला हवं तिने? स्वयंपाक?"

"तक्रार काय?"

"काही नाही हो. चार वर्षं झाली."

ती गेल्यावर त्यांनी पाकिटावर लिहिलं: 'तक्रार – सांगत नाही.'

दुसरा एक पाववाला. गाडीच्या मागच्या सीटवर पावांचे ट्रे लावून उपाहारगृहाला पोचवायचा. हा मात्र भडाभडा बोलला. चढावर एसी लावला की रडगाणं गाते, गतिरोधकावर पोट घासतं, मागे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात, हॉर्न म्हणजे मांजर. आठदिवस्यांचा चेहरा उजळत गेला. पाकीट पुरेना, दुसरं काढलं.

"हा माणूस खरा," ते माझ्या कानात म्हणाले. मग त्याला विचारलं, "म्हणजे विकून टाकणार?"

"विकू कशाला? दुसरी घेतोय बायकोला."

"कुठली?"

"हीच की."

आठदिवस्यांनी पेन खिशात ठेवलं. ह्या उत्तराला पाकिटावर जागा नव्हती.

तिसऱ्या दिवशी गाणं शिकवणाऱ्या एका बाईने आम्हाला लांबूनच पाहिलं. आठदिवसे तिच्या गाडीच्या बॉनेटला कान लावून उभे होते, इंजिन थंड होताना कसं कुरकुरतं ते ऐकायला. ती थेट वॉचमनला घेऊन आली. वॉचमनने आम्हा दोघांना त्याच्या खोपटात बसवलं. पस्तीस वर्षं मी मुलांना वर्गाबाहेर उभं केलं, त्याचा जाब त्या दिवशी द्यावा लागला.

"काका, अर्धा तास बघतोय मी. लोकांच्या गाड्यांना कान लावत फिरताय. काय प्रकार आहे?"

आठदिवसे त्याच्या मनगटाकडे बघत होते. "हे पाच मिनिटं मागे आहे."

"काय?"

"घड्याळ. पाच मिनिटं मागे आहे. आणि ओल शिरलीय आत. काढा बघू."

वॉचमनने घड्याळ काढून दिलं. का दिलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. आठदिवस्यांनी ते पाकिटात घातलं, मालक, तक्रार, तारीख लिहिलं आणि उठले. "आठ दिवसांनी या," म्हणाले. आम्हाला सोडण्यात आलं.

अशी एकोणीस पाकिटं झाली. एकोणिसांतले अठरा जण म्हणत होते गाडी चांगली आहे, आणि पाववाला शिव्या देत तेच म्हणत होता. आठदिवस्यांनी पाकिटं काउंटरवर पत्त्यांसारखी मांडली.

"सगळे एकच सांगतात. म्हणजे पढवलेलं आहे."

"वर्गात एकोणीस मुलांचं उत्तर सारखं आलं," मी म्हटलं, "तर दोन शक्यता असतात. एक म्हणजे कॉपी."

"बघा!"

"आणि दुसरी म्हणजे उत्तर बरोबर आहे."

त्यांनी पाकिटं गोळा केली. मग म्हणाले, "हे आठ दिवस पुरे झाले की नेतो तिला. शब्द देतो." वहिनींना मी ते सांगितलं. त्यांनी त्या नव्या चपला पुन्हा दाराशी आणून ठेवल्या.

ते आठ दिवस तिसऱ्या खेपेचे होते; चौकशीचे दहा दिवस त्यांनी मोजलेच नव्हते. तिसऱ्याच दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. चेहरा असा की मला वाटलं घरात काही झालं.

"बाई, चला. एक ऐका."

मी गाडीत बसले. त्यांनी इंजिन न लावता डाव्या बाजूचा इंडिकेटर दिला. टिक-टिक, टिक-टिक.

"कुठून येतो आवाज?"

"समोरून."

"समोर कुठून?"

आता हे मला कसं सांगता यावं! त्यांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक पॅनेलला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. इथे टेकव, तिथे टेकव. "व्हॅनमध्ये इथे एक डबी असायची," ते म्हणाले. "ती टिकटिक करायची. हात लावला की बोटांना कळायचं. ही टिकटिक हाताला लागत नाही. चाळीस वर्षं हेच ऐकतोय मी. टिकटिक आहे, पण आत टिकटिकणारं काही नाही."

आम्ही तसेच सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथली फोरमन एक पिकलेल्या केसांची बाई होती, नखांत ग्रीस, बोलणं मोजकं. तिने आठदिवस्यांचं म्हणणं पूर्ण ऐकलं, आणि तिच्या चेहऱ्यावर कौतुक आलं.

"हे ओळखणारे तुम्ही पहिलेच," ती म्हणाली. "बरोबर आहे तुमचं. आता ती डबी नसते. बऱ्याच गाड्यांत नसते. दिवा गुपचूप लुकलुकतो. आवाज मीटरमागच्या छोट्या स्पीकरमधून वाजवतात."

"म्हणजे खोटा."

"खोटा कसा? वाजवलेला."

"कशासाठी?"

"लोकांना त्या आवाजाची सवय आहे, काका. तो ऐकला की आपण वळणार आहोत हे लक्षात राहतं. आवाज नसला तर माणसं गोंधळतात."

 येताना वळणावर आठदिवस्यांनी इंडिकेटर दिला तेव्हा तोंड असं केलं, जणू दुधाला वास आला असावा.

घरी आल्यावर ते वहिनींसमोर उभे राहिले. मी तिथेच होते, चहाला.

"गाडी परत पाठवायची," ते म्हणाले. "लेकीला आजच फोन करतो."

वहिनींनी कप खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं, डबी, स्पीकर, सगळं. "बरं. मग?"

"मग काय? जी गाडी टिकटिकीबद्दल खोटं बोलते, ती ब्रेकबद्दल खरं बोलेल कशावरून? त्या गाडीत मी तुला बसवू? दोन तास?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हा संशय गाडीचा नव्हताच सगळा. बिस्किटांची व्हॅन चालवताना त्यांच्या शेजारच्या सीटवर बिस्किटंच असायची.

"तुमच्या दुकानात ती सेलवरची भिंतीची घड्याळं आहेत," वहिनी म्हणाल्या. "खाली सोनेरी लंबक हलतो. तो लंबक काढून टाकला तर घड्याळ बंद पडतं का?"

"नाही."

"मग कशाला हलतो तो?"

"शोभेला. पण मी गिऱ्हाइकाला सांगतो ना तसं! घेण्याआधी सांगतो, लंबक नुसता शोभेचा आहे. ह्या गाडीने मला सांगितलं का?"

ह्यावर वहिनी काही म्हणणार, तोच फोन वाजला. बोटं आखडतात म्हणून वहिनी फोन टेबलावर ठेवूनच बोलतात, आवाज मोठा करून. ताईंचा आवाज खोलीभर आला.

"आई?"

 ह्या बहिणींची आई जाऊन तीस वर्षं झाली होती.

"आई, आहेस ना?" आवाज लहान मुलीसारखा कापत होता. "भुंगा शाळेतून आली नाही अजून. अंधार पडेल."

भुंगा म्हणजे वहिनी. लहानपणी सारख्या गुणगुणायच्या, म्हणून. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले. मग जरा जड, जरा खालच्या पट्टीतल्या आवाजात बोलल्या. तो आवाज त्यांचा नव्हता.

"हं, बाळ. आहे मी. भुंगा निघालीय. येईल आता."

"नक्की?"

"नक्की. तू दार उघडं ठेव तिच्यासाठी."

"बरं," ताई म्हणाल्या. नुसत्या 'बरं'मध्ये माणूस किती शांत होऊ शकतं! फोन बंद झाला.

आठदिवसे जागचे हलले नव्हते. "तू आई नाहीस," ते म्हणाले.

"ठाऊक आहे मला."

"मग असं का…"

"तिला त्या आवाजाची सवय आहे हो. तो ऐकला की तिला कळतं, कोणीतरी यायचंय, वाट बघायची." वहिनींचा स्वतःचा आवाज परत आला होता. "आणि मी तिला सांगितलंय, भुंगा निघालीय. आता ते खरं की खोटं, तुम्ही ठरवा."

आठदिवसे बाहेर गेले. मी खिडकीतून पाहत होते. ते गाडीत बसले, इंडिकेटर लावला आणि उतरून पुढे आले. वाकून दिव्याकडे बघत राहिले. खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. दिवा लुकलुकत होता. मग मागे गेले, तिथे वाकले. मागचाही लुकलुकत होता. दुसऱ्या बाजूचा लावला, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. कोपऱ्यावरचा फळवाला काम सोडून बघत राहिला.

परत आले तेव्हा त्यांच्या हातात दाराशी टेकवलेली वहिनींची काठी होती. "बाई, तुम्ही मागे बसा," मला म्हणाले. "गुडघे हनुवटीला लागतील. पाववाला म्हणाला होता." मग वहिनींकडे न बघता, "चपला घाल."

"आजचा तिसराच दिवस आहे," वहिनी म्हणाल्या.

"मोजता येतं मला."

दोन तासांच्या रस्त्याला आम्हाला तीन तास लागले. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना त्याने वळून वळून पाहिलं. चढ आला की आठदिवसे एसी बंद करायचे, उतार लागला की ब्रेक चाचपून बघायचे. प्रत्येक वळणावर टिक-टिक सुरू झाली की त्यांची मान तिरकी व्हायची.

"चालत गेले असते तर पोचले असते," वहिनी म्हणाल्या.

"चालता येत नाही म्हणून तर गाडी."

"मग चालवा की. गाडी चालवताय की तिची परीक्षा घेताय?"

"दोन्ही," आठदिवसे म्हणाले.

ताईंच्या गल्लीत शिरलो तेव्हा अजून उजेड होता. घराचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याशी खुर्ची टाकून ताई बसल्या होत्या आणि शेजारी भाचा हतबल उभा होता. "दुपारपासून दार लावू देत नाहीये," तो म्हणाला.

वहिनी काठी टेकत उतरल्या.  ताईंनी डोळे बारीक केले, वहिनींना पायांपासून वर बघत गेल्या, त्या नव्या चपला, काठी, पांढरे केस. आणि मग कपाळाला आठ्या घातल्या.

"भुंगा! किती हा उशीर! आई केव्हाची म्हणाली, निघालीय म्हणून."

"वाटेत गाडीने उशीर केला, ताई," वहिनी म्हणाल्या आणि तिथेच उंबऱ्यावर बहिणीच्या पायांशी बसल्या. गुडघ्यांचं त्यांना भानच राहिलं नाही. नंतर आम्ही दोघांनी धरून त्यांना उठवलं.

काही वेळाने ताईंचं लक्ष आठदिवस्यांकडे गेलं. ते टोपी हातात घेऊन उभे होते. ताई उठल्या आणि त्यांच्याभोवती सावकाश एक फेरी मारली. मग समोर येऊन चेहऱ्याशी चेहरा नेऊन पाहिलं.

"हा कोण?" त्यांनी बहिणीला विचारलं. "ह्याच्यावर भरवसा आहे का?"

"नजरेखाली ठेवलाय, ताई, अजून," वहिनी म्हणाल्या.

मी आठदिवस्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एक बूट दुसऱ्या पायाच्या पोटरीला घासून पुसलाही.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी काठी टेकत माझ्याबरोबर दुकानापर्यंत आल्या. कित्येक महिन्यांनी आल्या. वॉचमनचं घड्याळ उजवीकडच्या खिळ्यावर गेलेलं होतं. गाडीची चावी डावीकडेच होती.

"अहो, अजून?" वहिनी म्हणाल्या. "नेलं, आणलं, सुखरूप पोचवलं. आता काय राहिलं तिचं?"

आठदिवस्यांनी भिंग काढलं नाही. "एका खेपेने काय कळतं? पाहुण्यासारखी वागली. आठ दिवसांनी पुन्हा न्यायला हवी. तोच रस्ता, तेवढंच अंतर."

"आणि मग?"

"मग पुन्हा आठ दिवसांनी."

 वहिनींनी काउंटरवरचा एक खाकी कागदाचा तुकडा उचलून उगाचच झटकला आणि मला म्हणाल्या, "बाई, हा माणूस कधी पास व्हायचा नाही."

ह्याला दीड वर्ष झालं. ताई वहिनींना कधी ओळखतात, कधी आई समजतात, कधी शेजारीण. दार मात्र आम्ही जायच्या दिवशी उघडं असतं. गाडीत काहीही बिघडलेलं नाही, आणि त्यामुळे आठदिवसे जास्तच सावध झाले आहेत. चावी अजून डावीकडच्या खिळ्याला आहे.